खंडेनवमीचे जोडे

खोली बघायला आले तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, नळाला पाणी कधी येतं तेही विचारलं नाही. गुडघ्याला हाताचा टेकू देत खाली बसले, बोटांच्या पेरांनी फरशी दोनचार ठिकाणी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "कडक आहे. वर फळ्या घालाव्या लागतील."

"कशाला?"

"पोरींचे गुडघे वाचवायला. माझे गेलेत, त्यांचे कशाला घालवायचे?"

सीपरी बाजारात माझं औषधांचं दुकान आहे आणि ही खोली त्याच्या वर. आधी तिथे कोचिंग क्लास होता. तो बंद पडल्यावर मला असा भाडेकरू हवा होता, जो ठरलेल्या वेळी येईल, ठरलेल्या वेळी जाईल आणि जिन्यात थुंकणार नाही. हे गृहस्थ बॅले आणि साल्सा शिकवणार होते. वेगवेगळं नाही, एकत्र. झाशीत हे शिकायला कोण येणार, असं मी तोंडावर विचारलं.

"येतील. दुसरीकडे कुठे मिळणार त्यांना?"

मी किल्ली दिली. होळीपर्यंत गाशा गुंडाळतील असा माझा अंदाज होता. ते सहा वर्षं राहिले, आणि जिन्यात कुणीही थुंकलं नाही.

बाजारासाठी ते मास्टर जी, पोरींसाठी सर. मीही सरच म्हणत असे. होते आमच्यातलेच, म्हणजे पेशवाईत इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांतले. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून आले होते, आमचे हिशेब लिहायला. त्यांच्या घरात त्या घोडेस्वाराची तलवार अजून आहे, आमच्या घरात हिशेबाची सवय. दोन्हींत जास्त उपयोगाचं काय, यावर आमचे वाद होत. मराठी ते आपल्या झाशीचंच बोलत. "मी त्याला बोललो की भैया, जरा ढंगानं उभा राहा" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. फरक इतकाच, की त्यात मधूनच एखादा स्पॅनिश शब्द येई आणि तो काय हे विचारलं तर म्हणत, "शिवी आहे, तुमच्या कामाची नाही."

तरुणपणी इंजिनियरिंग करायला मुंबईला गेले, ते सोडून एका बाईंच्या बॅले क्लासात शिरले. मग बरीच वर्षं प्रवासी जहाजांवर नाचले. तिथे क्यूबाच्या एका सहकाऱ्यानं त्यांच्या कमरेला बोलायला शिकवलं, असं ते सांगत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आले. आई गेली, तरी राहिले. लग्न केलं नव्हतं. का, हे मी कधी विचारलं नाही. ज्याला त्याला आपली कारणं असतात.

मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे कावळेसुद्धा दुपारी सावली सोडत नाहीत, तेव्हा सर पोटऱ्यांवर लोकरीचे पायमोजे चढवून बसलेले असत. स्नायू गरम राहिले पाहिजेत, म्हणे. चहा एका पायावर उभं राहून पीत. माणसाशी बोलताना त्यांची नजर चेहऱ्यावर कमी आणि पायांवर जास्त. माझ्या गिऱ्हाइकांना त्यांनी परस्पर सल्ले द्यायला सुरुवात केली होती. "माताजी, आपकी चप्पल बाहर से घिसती है, कमर की दवा मत लीजिए, चाल ठीक कीजिए." औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून असं बोलणं हे भाडेकरूला शोभत नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमची पण डावी टाच तशीच झिजते."

खरंच झिजत होती.

शिकवायला ते स्टुलावर बसत. हातात बांबूची काठी, तिनं फळीवर ठेका. एक दोन तीन, मग शांतता, पाच सहा सात, मग शांतता. साल्साचे आकडे असेच मोजतात, चौथ्यावर आणि आठव्यावर थांबायचं असतं. हे मला नंतर कळलं. सुरुवातीला मला एवढंच कळत होतं की पाचाला माझ्या फडताळातल्या कफ सिरपच्या बाटल्या एकमेकींवर वाजतात. समोरचा हलवाई कढईत झारा फिरवता फिरवता रोज ओरडायचा, "काए मास्टर जू, चार कितै हिरा गओ?" चार कुठे हरवला म्हणून. सगळा बाजार हसायचा. सर वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून शांतपणे उत्तर द्यायचे, "ढूँढ रहे हैं. मिलेगा तो सबसे पहले आपको बताएँगे."

मी एकदा विचारलं, खरंच चार का मोजत नाही?

"मोजला की पोरी घाईनं पुढे जातात. थांबणं आलं पाहिजे त्यांना. पाय कुणीही हलवतं."

बॅले आणि साल्सा एकत्र कशाला, यावरही त्यांचं म्हणणं ठाम होतं. बॅलेला जमीन सोडायची घाई असते, तिकडच्या नाचांना जमिनीतून काहीतरी वर ओढून घ्यायचं असतं. दोन्ही एकाच अंगात बसवायचं.

"पाठ धरेल," मी म्हटलं.

"धरते. म्हणून तर मी औषधांच्या दुकानावर खोली घेतली."

लग्नाच्या संगीताची कामं त्यांच्याकडे चालून येत. ते सहसा घेत नसत. एकदा माझ्याच ओळखीतलं म्हणून चिरगाँवच्या एका घरी गेले. नवरदेवाचे काका, मामा, आत्या, सगळे अंगणात जमलेले, गाणं लावून तयार. सरांनी गाणं बंद करायला लावलं आणि सगळ्यांना टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून, भिंतीला धरून सावकाश खाली वर करायला लावलं. दुपार संपली तरी तेच. शेवटी थोरल्या काकांनी हात जोडले, "गुरुजी, हमें बरात में नाचना है, फौज में नईं जाना." बसमध्ये बसवून परत पाठवलं त्यांना. लग्नानंतर त्या घरच्या आत्याचा मला फोन आला. मला वाटलं तक्रार असेल. तर त्या विचारत होत्या, भिंतीला धरून करायचा तो व्यायाम पुढे कसा करायचा, कारण गुडघ्यांना बरं वाटतंय.

हे सगळं ठीक होतं. पण एक गोष्ट होती जी बाजाराच्या, पालकांच्या आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यातून जात नव्हती. इतक्या वर्षांत सरांना नाचताना कुणीही पाहिलं नव्हतं. काठी वाजवत, बोटानं पोरींच्या खांद्याची उंची ठरवत, हातानं वळण काढून दाखवत. उभं राहून एक गिरकीही कधी घेतली नाही. पोरींना घ्यायला आलेल्या आया माझ्या काउंटरला टेकून विचारत, "भाभी जी, सर को खुद आता है क्या?" कुणी म्हणे जहाजावर ते ताटं उचलायचे. कुणी म्हणे जहाजही खोटं. रस्त्याच्या पलीकडे आरसेवाला नवा क्लास निघाला, तिथला मुलगा मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ टाकायचा. आमच्या वरच्या पोरी एकेक करून तिकडे जायला लागल्या. पार सहाच उरल्या. त्यातली मेघना सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत चांगली, पण तिचे वडीलही आता कां कूं करत होते.

मी वर गेले आणि सरळ विचारलं, "तुम्हाला नाचता येतं की नाही?"

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "येतं. पण गुडघ्यांत एकच नाच शिल्लक आहे. तो बाजाराच्या चौकशीवर घालवायचा नाही."

"मग कशावर घालवायचा?"

"सांगतो."

सांगितलं ते श्रावणात. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं होतं, दसऱ्याच्या लगेच नंतर. त्यानंतर ते चालू शकणार होते, जिने चढू शकणार होते, पण एका पायावर अंग फिरवणं संपलं. त्याआधी एकदा, सहा पोरी आणि ते स्वतः असा एक नाच त्यांना करायचा होता. आमच्या मराठी मंडळाच्या नवरात्रात, नवमीच्या संध्याकाळी, जेव्हा हॉल भरलेला असतो. मंडळाची कार्यवाह मी.

"होईल," मी म्हटलं. "अडचण एकच आहे."

अडचण जोड्यांची होती. आमच्या मंचावर एका बाजूला देवी बसलेली असते, त्यामुळे पायात काही घालून मंचावर चढायचं नाही, हा नियम आहे. आणि सरांचा नाच जोड्यांशिवाय होणार नव्हता. पोरींचे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे गुलाबी साटिनचे जोडे, आणि त्यांचे स्वतःचे काळे, थोडी टाच असलेले. डाव्यात आतून गादी शिवलेली होती, तो गुडघा जास्त दुखरा म्हणून. ते जोडे ते लाल खारव्याच्या बासनात बांधून आणत, पोथी आणावी तसे.

मंडळाचे अध्यक्ष भाऊकाका. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सभा अजून गाडी सोडल्यासारखीच चालवतात. सभेत सर आले तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. "जोडा तो जोडा. आज तुम्ही नाचाचा घालाल, कल को कोई सैंडल पहनके आरती करेगा."

सरांनी बासन सोडलं आणि जोडा उलटा करून भाऊकाकांच्या हातात दिला. तळाला मऊ कातडं होतं. "बघा. रस्त्याची धूळ आहे का कुठे? हे कधी रस्त्यावर आलेच नाहीत. फळीवरून बासनात, बासनातून फळीवर. याला चप्पल कसं म्हणायचं?"

"मग काय म्हणायचं?"

"खंडेनवमीला आमच्या घरची तलवार तुम्ही इथे पूजेला मागवता. तुमचा गार्डाचा कंदील ठेवता. या बाई औषधं मोजायचा तराजू ठेवतात. ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्याचं हत्यार. माझं हे. ठेवा पूजेला, आणि मग सांगा मंचावर चालतं की नाही."

भाऊकाका बराच वेळ जोड्याच्या तळावरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "पूजा झाली तर चालेल." मी इतिवृत्तात लिहून घेतलं, सगळ्यांनी सह्या केल्या. सर जिंकून घरी गेले.

नवमीला सकाळी गुरुजींनी यथासांग पूजा केली. पाटावर तलवार, कंदील, तराजू, आणि शेजारी ओळीनं जोडे. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. साटिनवर कुंकू पडलं म्हणून पोरी जरा हळहळल्या, पण फोटो भरपूर काढले. दुपारी तालमीसाठी मंचावरचा गालिचा काढला, आणि मेघना पाटाजवळ जाऊन आपले जोडे उचलायला वाकली.

"हाँ हाँ, बेटा, हात नको लावू," भाऊकाका म्हणाले. "आज नवमी."

"काका, पूजा झाली ना?"

"झाली म्हणूनच. पूजेला लागलेलं हत्यार आज हलत नाही. उद्या, दशमीला."

 हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. लहानपणी खंडेनवमीला आम्ही दप्तरं पूजेला लावायचो ती याच आनंदात, की आता दसऱ्यापर्यंत अभ्यास नाही. तरी सभेत बसलेल्या एकाही मराठी माणसाच्या डोक्यात आलं नाही की पूजा सकाळी आणि नाच त्याच संध्याकाळी आहे. दुसऱ्या दिवशी करावा म्हटलं तर दसऱ्याला सगळी झाशी रावण बघायला जाते, आमचा मंच सकाळीच उतरवतात, आणि सरांची ग्वाल्हेरची गाडी संध्याकाळची.

मी भाऊकाकांना म्हटलं, "गुरुजींना विचारू. जोड्यांपुरतं काहीतरी करता येईल." गुरुजीही तयार दिसत होते. मेघना रडकुंडीला आली होती. पण सरच नको म्हणाले.

"हत्यार म्हणून आत आलेत, हत्यारासारखेच राहतील. मीच बोललोय, भाऊकाका नाही."

"आणि नाच?" मी विचारलं.

"अनवाणी."

"पोरींना टोकावर उभं राहता येणार नाही. बोटं मोडतील."

हे त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. त्या नाचाच्या मध्यावर, चौथ्याच्या शांततेत, सहाही जणी एकदम टोकावर चढायच्या आणि तिथेच थांबायच्या. सगळा नाच त्या एका जागेसाठी बांधलेला होता. सर स्टुलावर बसले, डोळे मिटले, काठी मांडीवर. बाहेर कुणीतरी मांडववाल्याशी भांडत होतं. मग डोळे उघडून म्हणाले, "त्या जागी तुम्ही सगळ्या खालीच राहा. पाय पूर्ण टेकलेले. मी जातो वर."

"सर, गुडघा?" मेघना म्हणाली.

"गुडघ्याला मी विचारलेलं नाही."

मी दुकानात जाऊन चिकटपट्टीची रिळं आणि क्रेप बँडेज आणलं. मंचाच्या फळ्यांवरून हात फिरवून एक वर आलेला खिळा ठोकून घेतला. पोरींच्या तळव्यांना पट्ट्या लावल्या. मग सरांना म्हटलं, मोजे काढा, गुडघे बांधते.

त्यांचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडे पाहिले. अंगठे आत वळलेले, सांध्यांवर सुपारीएवढ्या गाठी, दोन नखं कायमची काळी, टाचेच्या वर जुन्या जखमांचे व्रण. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं माझं, पाय भरपूर पाहिलेत. ताटं उचलून असे पाय होत नाहीत. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. बँडेज घट्ट बांधलं आणि दुसऱ्याकडे वळले.

संध्याकाळी हॉल भरला. पुढे सगळ्या काकू, मागे पोरींचे आईबाप, दाराशी बाजारातले लोक, त्यांत हलवाईसुद्धा. आरसेवाल्या क्लासचा मुलगा खांबाला टेकून उभा होता. सुरुवातीला रेकॉर्डिंगवर नुसता पियानो होता. पोरी हात वर नेत होत्या, पाण्यातून काढल्यासारखे सावकाश. मग त्याखालून ढोल सुरू झाले, क्यूबाकडचे, उभे, हातानं वाजवायचे, आणि सर काठी टेकत आले. मंचाच्या कडेला काठी ठेवली. पहिली पावलं टाकली तेव्हा पुढच्या रांगेत खसखस पिकली, कारण साठीकडे झुकलेला आपल्यातला पुरुष अशी कंबर हलवतो हे आमच्या काकूंनी पाहिलेलं नव्हतं. पाठ बॅलेची, ताठ; कंबर दुसऱ्याच देशाची. ते मेघनाच्या भोवती फिरले, आणि हसणं थांबलं. फार काही करत नव्हते. प्रत्येक पाऊल फळीवर ठेवत आणि ते तिथलंच आहे असं वाटत असे. माझ्या शेजारी भाऊकाका सतरंजीवर बोटांनी ठेका धरत होते.

एक दोन तीन.

ढोल थांबले. पोरी जिथे होत्या तिथे, पावलं टेकून, उभ्या राहिल्या. आणि सर डाव्या पायावर, म्हणजे जास्त दुखऱ्या पायावर, टाच उचलून वर गेले. दुसरा पाय मागे लांब, दोन्ही हात वर. त्यांच्या बँडेजखालचा स्नायू थरथरताना मला दिसत होता. ते खाली आले नाहीत. हॉलबाहेर जनरेटर चालू होता, तेवढा आवाज. शांतता संपायला हवी होती तिथून ती पुढे गेली. रेकॉर्डिंगमध्ये ती तेवढीच असणार, हे मला कळतं. पण हॉलमधल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल की वाजवणारे त्यांच्यासाठी थांबले.

मग पाचावर खाली आले, मेघनाचा हात धरला आणि नाच पूर्ण केला.

टाळ्या वाजत होत्या, आणि दारातून हलवायाचा आवाज आला, "मास्टर जू, मिल गओ चार."

"बोला था न, सबसे पहले आपको बताएँगे," सर म्हणाले. धापा टाकत, पण स्पष्ट. मग मी आणि मेघनानं दोन बाजूंनी धरून त्यांना खाली उतरवलं. गुडघा नारळाएवढा सुजला होता. बर्फ हलवायाकडूनच आला.

दसऱ्याला सकाळी सगळे आपापली हत्यारं न्यायला आले. पोरींनी जोडे नेले, मी तराजू नेला, भाऊकाकांनी कंदील. सरांनी तलवार पुतण्याच्या हातात दिली आणि काळ्या जोड्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, बासन आणलंय ना? ते म्हणाले, "राहू द्या इथेच. ग्वाल्हेरला काय करायचेत?" काठी टेकत, साध्या चपला घालून निघून गेले.

ऑपरेशन नीट झालं. मग तिथेच बहिणीकडे राहिले, आणि आता तिथल्या बायकांना स्टुलावर बसून शिकवतात. फोन येतो. माझ्या टाचेची चौकशी करतात. वरची खोली आता मेघना चालवते. तीही चार मोजत नाही, आणि बाटल्या अजून पाचालाच वाजतात. मंडळाचा नाचाचा कार्यक्रम आम्ही अष्टमीला ठेवायला लागलो. तसा ठराव मीच मांडला.

काळे जोडे मंडळाच्या कपाटात असतात. खंडेनवमीला निघतात. गेल्या वर्षी पुण्याहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब पूजेला आलं होतं. त्यातल्या बाईंनी पाट पाहिला, तलवार, कंदील, तराजू, आणि एकदम पदर सावरत पुढे झाल्या. "अगंबाई, देवापुढे चपला कुणी ठेवल्या?" म्हणत उचलायला वाकल्या.

"हात लावू नका," भाऊकाका खुर्चीतून म्हणाले. "हत्यार आहे ते. आज नवमी."